जयपूरच्या उन्हात दोन टायर

दुकानदारानं दोन टायर आणून भिंतीला टेकवले. दोन्हींच्या बाजूवर एकच माप उमटलेलं होतं: १८५/६५ आर १५, ८८. फरक होता तो शेवटच्या अक्षरात, एकावर टी आणि दुसऱ्यावर एच. टी-वाल्याचे साडेपाच हजार, एच-वाल्याचे सहा हजार तीनशे. "ये वाला साठ हज़ार चलेगा, वो वाला चालीस-बयालीस," एवढं सांगून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. भावोजींनी मनातल्या मनात भागाकार केला आणि माझ्याकडे पाहिलं. पैसे कमी आणि किलोमीटर जास्त, म्हणजे निर्णय झालाच होता.

मे महिन्यातली सकाळ होती, साडेदहा वाजले होते. जयपूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या नावाचा हा रस्ता, सगळं गाव त्याला एमआय रोड म्हणतं. दुकानाबाहेर उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकवत नव्हता. मी भावोजींना म्हटलं, "दोन दिवस थांबा, मग सांगतो." ताई-भावोजींच्या गाडीत माझ्या भाच्याची दोन लहान मुलं बसतात. त्या दोन दिवसांत जो हिशेब मांडला, तो इथे सविस्तर देतो.

ही जोडी कुठल्या एका कंपनीची नाही, म्हणून नावात फारसं अडकू नये. अपोलोच्या यादीत अ‍ॅमेझर आणि अल्नॅक आहेत, सिएटच्या यादीत मायलेझ आणि सिक्युराड्राइव्ह, ब्रिजस्टोनच्या यादीत स्टर्डो आणि टुरान्झा. प्रत्येक जोडीतलं पहिलं नाव जास्त चालतं म्हणून विकलं जातं. सिएटनं तर मायलेजच नावात गुंफलं आहे. दुसरं नाव रस्त्यावरची पकड, ब्रेक आणि आरामशीर चाल यांसाठी पुढे केलं जातं. गिऱ्हाईक "कुठली कंपनी चांगली?" असं विचारतं. खरी चुरस मात्र एकाच कंपनीच्या कपाटात या दोन जातींमध्ये असते. मी त्यांना टिकाऊ टायर आणि पकडीचा टायर म्हणेन.

युरोपात यांतला कुठलाही टायर 'समर टायर' या सदरात गेला असता. तिकडे हवा साधारण सात अंशांच्या खाली गेली की या जातीचं रबर ताठर होतं आणि पकड सोडतं, म्हणून लोक हिवाळ्यासाठी वेगळे टायर चढवतात. आपल्याकडे हे दुहेरी प्रकरण नाही. कारसाठी दुकानात मिळणारे जवळपास सगळेच टायर उन्हाळ्याला चालणारे असतात, आणि बाराही महिने तेच चाकावर राहतात. पण ज्या उन्हाळ्यासाठी 'समर टायर' घडला तो जर्मनी-फ्रान्सचा उन्हाळा आहे. राजस्थानातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली. जयपूर तेवढं तापत नाही, तरी मे-जूनमध्ये ४२-४३ अंश म्हणजे तिथे नवल नव्हे, आणि काळ्या डांबराचं तापमान हवेपेक्षा कितीतरी वर, ६० अंशांच्या आसपास जातं.

टायरला उष्णतेचं एवढं वावडं का, हे कळायला रबराचा स्वभाव पाहावा लागतो. रबराचा तुकडा दाबला की तो आपली ऊर्जा घेतो आणि सोडला की परत देतो, पण सगळी देत नाही. थोडी स्वतःकडे ठेवतो आणि ती उष्णतेच्या रूपानं बाहेर टाकतो. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो चपटा होतो, वर आला की पुन्हा गोल होतो. या मापाच्या टायरचा प्रत्येक भाग दर किलोमीटरला पाचशेहून जास्त वेळा असा चेपला जातो. रबर जेवढी ऊर्जा गिळेल तेवढा टायर तापेल आणि तेवढं पेट्रोल वाया जाईल. मग ऊर्जा गिळणारं रबर वापरावंच कशाला? कारण ओल्या रस्त्यावर पकड मिळते तीसुद्धा याच गिळण्यातून. खडीच्या बारीक टोकांवर रबर चेपलं जातं, हळूहळू मागे येतं, आणि त्या ओढाताणीत गाडी थांबते.

म्हणजे एकाच रबराकडून दोन उलट अपेक्षा. रसायनशास्त्रज्ञांनी यातून वाट काढली ती तापमानाच्या आधारानं. ब्रेक लावताना रबराला बसणारे हादरे अतिशय जलद असतात, आणि जलद हादऱ्याला रबर जसं वागतं तसंच ते थंड असताना संथ हादऱ्याला वागतं. म्हणून प्रयोगशाळेत शून्य अंशाच्या आसपास रबर किती ऊर्जा गिळतं ते मोजून ओल्या पकडीचा अंदाज बांधतात, आणि ६० अंशांना किती गिळतं ते मोजून चालण्यातल्या अडथळ्याचा. चांगल्या रबरानं पहिल्या ठिकाणी भरपूर गिळावं, दुसऱ्या ठिकाणी कमी. नुसत्या काजळीनं, म्हणजे कार्बन ब्लॅकनं, हे फारसं साधत नव्हतं. मिशेलिननं १९९२मध्ये काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणात सिलिका घातलेला टायर बाजारात आणला आणि तिथून चित्र पालटलं. आज पकडीच्या टायरची जास्त किंमत बऱ्याच अंशी अशा मिश्रणाची असते. टिकाऊ टायरमध्ये भर असतो घासण्याला तोंड देण्यावर. रबर जरा कडक आणि नक्षीची खोली बहुधा थोडी जास्त.

यातला ६० अंशांचा आकडा मला विशेष वाटतो. चालत्या टायरचं तापमान म्हणून प्रयोगशाळेनं जो आकडा धरला, तेवढा तर जयपूरचा रस्ताच मे महिन्याच्या दुपारी तापलेला असतो, टायर एक इंचही हलायच्या आधी.

आता मोजमापाकडे वळू. आपल्याकडे एआयएस-१४२ हे मानक आहे, पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेनं प्रसिद्ध केलेलं. त्यात टायरच्या तीन गोष्टींना मर्यादा घातल्या आहेत: चालण्यातला अडथळा, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज. २०२२मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून ते टप्प्याटप्प्यानं सक्तीचं केलं. त्याआधी आपल्याकडे टायरसाठी आयएसआय खूण पुरत असे, आणि ती मुख्यतः टायर मजबूत आहे का एवढंच सांगते. शिवाय ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे, जे आपण फ्रिज आणि पंख्यावर पाहतो, ते आता टायरसाठीही देण्याची सोय आहे. ही सगळी मोलाची कामं आहेत. पण या चाचण्या ज्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनं होतात, तीत ओल्या पकडीच्या वेळी रस्त्याचं तापमान ५ ते ३५ अंशांच्या मध्ये असावं लागतं, आणि चालण्यातला अडथळा २५ अंश हवा धरून मोजला जातो. एका लोखंडी ढोलावर टायर ताशी ८० किलोमीटरनं फिरवतात आणि आलेला आकडा २५ अंशांना जुळवून घेतात. तुलना न्याय्य व्हावी म्हणून हे आवश्यकच आहे. फक्त त्या २५ अंशांशी जयपूरची गाठ पडते ती हिवाळ्याच्या दुपारी.

मोजणाऱ्या साधनाची परिस्थिती मापात उतरते, हे हे गाव वसवणाऱ्या राजानं तीनशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. सवाई जयसिंहांनी ग्रहगणितासाठी आधी पितळी यंत्रं वापरून पाहिली. ती लहान, त्यांचे आस झिजतात, केंद्र सरकतं, म्हणून वेध चुकतात, असं त्यांनी लिहून ठेवलं आणि चुना-दगडाची जंगी यंत्रं बांधली. जंतरमंतरमधलं सर्वांत मोठं सम्राट यंत्र २७ मीटर उंच आहे. त्यांच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे मराठी पंडित होते; टॉलेमीचा आणि युक्लिडचा ग्रंथ त्यांनी संस्कृतात आणला. एमआय रोडवरून जंतरमंतर दोन-अडीच किलोमीटरवर आहे. भावोजींबरोबर तिथं गेलो तेव्हा सम्राट यंत्राच्या सावलीकडे पाहताना माझ्या मनात टायरच होता: कुठल्या हवेत मोजलं, हे न विचारता आकडा घ्यायचा कसा?

तर मग विचारू. समजा टिकाऊ टायरचा चालण्यातला अडथळा एक टन वजनामागे १० किलो आहे आणि पकडीच्या, सिलिकावाल्या टायरचा ८ किलो. माणसांसह गाडी १,२०० किलोची धरली तर फरक पडतो २.४ किलोच्या ओढीचा. ऐकायला काहीच नाही. बाजारातून भाजीची पिशवी ओढत आणण्याएवढं. पण ही पिशवी १०,००० किलोमीटर ओढायची आहे. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचवतं असं धरून गणित केलं, तर सुमारे २९ लिटर पेट्रोल त्यात जातं. शंभर रुपये लिटरनं २,९०० रुपये. आता जयपूरची हवा घाला. गरम हवेत रबर कमी ऊर्जा गिळतं. चाचणीत तापमान जुळवायला जे सूत्र वापरतात तेच पुढे ४३ अंशांपर्यंत ताणलं, तर दोन्ही टायरचा अडथळा सुमारे आठव्या हिश्श्यानं उतरतो. मग २९ लिटरचे २५-२६ उरतात. बचत थोडी आटते, पण राहते. आणि इथे मनाशी एक खूणगाठ बांधावी: पकडीचा टायर पेट्रोल जास्त खातो, हा समज सरसकट खरा नाही. सिलिकाचं मिश्रण चांगलं असेल तर तो दोन्हीकडे जिंकतो आणि हरतो फक्त घासण्यात. म्हणून दुकानात पकडीचा टायर मागताना त्यावर तारे किती आहेत, हेही विचारायचं.

टी आणि एच या अक्षरांचाही इथे संबंध येतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०. भावोजी म्हणाले, "मी ऐंशीच्या वर जातच नाही, मला काय करायचंय?" बरोबर आहे, तो वेग कुणालाच नकोय. पण ही वेगाची परीक्षा मुळात उष्णतेची परीक्षा असते. बंद खोलीत, ढोलावर, टायरचा वेग पायरी पायरीनं वाढवत नेतात आणि त्या तापात त्याचे थर एकमेकांना धरून राहतात का, ते पाहतात. एच दर्जाच्या टायरमध्ये पोलादी पट्ट्यांवर बहुधा नायलॉनचा जादा थर असतो. वेगात आणि उष्णतेत पट्ट्यांच्या कडा उचलू नयेत म्हणून तो घातलेला असतो. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा सोहना-दौसा टप्पा फेब्रुवारी २०२३मध्ये खुला झाला आणि कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा मिळाली. दुपारच्या उन्हात, पाच माणसं आणि सामान घेऊन, दोन तास सलग त्या वेगानं जाणाऱ्या टायरला हा जादा थर उपयोगी पडतो. कार कंपनीनं सांगितलेल्या अक्षरापेक्षा खालचं अक्षर तर कधीच घेऊ नये.

उष्णता, कमी हवा आणि ओझं ही तिन्ही एकत्र आली की काय होतं, याचा धडा अमेरिकेनं फार महागात घेतला. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोन कंपनीनं ६५ लाख टायर परत मागवले. ते बहुतेक फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. भर वेगात टायरची वरची नक्षी पट्ट्यांसकट सोलून निघायची आणि उंच गाडी उलटायची. अमेरिकी सरकारच्या नोंदीत या टायरशी जोडलेल्या मृत्यूंची संख्या २७१ वर गेली. अपघात देशभर सारखे पसरलेले नव्हते. टेक्सास, फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया या तापणाऱ्या राज्यांत ते दाटले होते. त्याआधी सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएलातून तक्रारी आल्या होत्या, तिथंही तेच ऊन. टायरच्या घडणीत दोष होता आणि त्यात भर म्हणजे फोर्डनं सांगितलेली हवा २६ पीएसआय, फायरस्टोनच्या मते ३० हवी होती. चार पीएसआयचा फरक! कमी हवेत टायर जास्त चेपतो, जास्त चेपला की जास्त तापतो, आणि तापला की पोलाद आणि रबर यांची पकड सुटते. पोलादी तारेवर पितळेचा मुलामा असतो, त्यातलं तांबं आणि रबरातलं गंधक यांच्या संयोगानं ती पकड बसलेली असते. ती एकदा सुटू लागली की बाहेरून काही दिसत नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की दोन टायरमधल्या फरकापेक्षा हवेतला फरक जास्त जीवघेणा आहे. जयपूरमध्ये एक सवय सर्रास दिसते, आणि नागपूर-जळगावलाही दिसेल: उन्हाळा आला की टायर फुटेल या भीतीनं हवा कमी ठेवायची. दुपारी, लांबून आल्यावर, पंपावर हवा तपासली तर काटा ३९ दाखवतो, आणि भला माणूस काळजीपोटी ती ३३ वर आणून देतो. आता हिशेब करू. सकाळी २८ अंशांना ३३ पीएसआय भरलेली हवा, टायरमधलं तापमान ६५ अंशांवर गेलं की आपोआप ३९ च्या जवळ जाते. हे वाढणं टायर घडवताना धरलेलं असतं, त्यात भिण्यासारखं काही नाही. पण त्या तापलेल्या टायरमधून हवा सोडून ३३ केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड टायरमध्ये उरते २८. फायरस्टोनच्या गोष्टीतला फरक चारचा होता, इथे पाचचा झाला. मग दुपारी तोच टायर जास्त चेपतो, जास्त तापतो, काटा पुन्हा वर जातो आणि पुन्हा हवा सोडली जाते.

दाराच्या खांबावर, ड्रायव्हरचं दार उघडलं की दिसणाऱ्या पट्टीवर, गाडीची योग्य हवा छापलेली असते. ती थंड टायरची. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा टायरची कमाल मर्यादा सांगतो, तो भरायचा नसतो. हवा पाहायची वेळ एकच: सकाळी, गाडी हलवण्याआधी. आणि जयपूरला दुसरीही बाजू आहे. जानेवारीच्या पहाटे ८ अंश असतात, तेव्हा उन्हाळ्यात नीट भरलेली हवा काहीही गळती नसताना तीन पीएसआयनं उतरते. नायट्रोजनबद्दल भावोजींनी विचारलंच. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि तापल्यावर नायट्रोजनचा दाबही जवळपास तसाच वाढतो. फुकट मिळाला तर घ्यावा, त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

आता मूळ प्रश्न: साठ हजार की बेचाळीस हजार?

टायर दोन कारणांनी संपतो. एक, घासून. कारच्या नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते, आणि १.६ मिलिमीटर उरली की कायद्यानं तो बाद. खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर बदलायचा. त्यापलीकडे गेला की त्याचा गोटा झाला म्हणतात. दुसरं कारण, वय. उष्णतेत आणि हवेतल्या प्राणवायूमुळे रबर कडक, ठिसूळ होत जातं. रसायनशास्त्रात ढोबळ नियम आहे की तापमान दहा अंशांनी वाढलं की असं जुनं होणं साधारण दुप्पट वेगानं होतं. रबरात मेणासारखा पदार्थ मिसळलेला असतो. टायर फिरला की तो पृष्ठभागावर येतो आणि ओझोनपासून रबर वाचवतो. गाडी उभीच राहिली तर तो नीट येत नाही. म्हणजे उन्हात उभी असलेली, क्वचित चालणारी गाडी ही टायरसाठी सर्वांत वाईट. मिशेलिन सांगते की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर कसाही दिसला तरी काढावा. जयपूरच्या उन्हात, वर छप्पर नसलेल्या गाडीसाठी मी स्वतः पाच-सहा वर्षांच्या पलीकडे जाणार नाही.

भावोजी निवृत्त आहेत. वैशाली नगरातून बाजार, डॉक्टर, ताईंचं भजनी मंडळ, वर्षाकाठी एकदा पुणे. सगळं मिळून आठ हजार किलोमीटर. पाच वर्षांत चाळीस हजार. म्हणजे टिकाऊ टायरमधले शेवटचे वीस हजार किलोमीटर ते कधी चालवणारच नाहीत. ते चालवण्याआधी ऊन तो टायर संपवेल. दुकानदाराच्या गणितानं टिकाऊ टायर किलोमीटरला नऊ पैशांचा आणि पकडीचा पंधरा पैशांचा. भावोजींच्या खऱ्या वापरात तो पावणेचौदा आणि पावणेसोळा पैशांचा होतो. चार टायरांत फरक ३,२०० रुपयांचा, पाच वर्षांत, म्हणजे दिवसाला पावणेदोन रुपये. पेट्रोलची थोडी बचत धरली तर तोही उरत नाही.

त्यांच्याच गल्लीत एक टॅक्सीवाले राहतात, जयपूर-दिल्ली ये-जा करतात. त्यांची गाडी वर्षाला साठ हजार जाते. त्यांचा टायर म्हातारा होण्याआधी घासून संपतो. त्यांना टिकाऊ टायरचा एक संच वर्षभर पुरतो, २२,००० रुपयांत. पकडीचे घेतले तर जवळपास दीड संच लागेल, खर्च ३६,००० च्या घरात. त्यांनी पकडीचा टायर घ्यावा असं मी कोणत्या तोंडानं सांगू? त्यांना मी एवढंच म्हटलं की पावसाळ्याच्या तोंडावर नक्षी तीन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर १.६ ची वाट पाहू नका.

पाऊस हा शब्द काढला की जयपूरची माणसं हसतात. इथे वर्षात जेमतेम दोन-अडीच महिने पाऊस. मग ओल्या पकडीला जादा पैसे कशाला? माझ्या मते याच कारणासाठी. नऊ महिने रस्त्यावर धूळ, तेलाचे थेंब आणि घासलेल्या टायरांची भुकटी साचत राहते, आणि पहिल्या सरीत त्याचा लगदा होतो. पुणेकर, मुंबईकर ओल्या रस्त्यावर गाडी चालवायला सरावलेले असतात. इथल्या ड्रायव्हरला दरवर्षी नव्यानं सवय करावी लागते. १४ ऑगस्ट २०२०ला जयपुरात एवढा पाऊस कोसळला की गाड्या रस्त्यांवरून वाहून गेल्या. तशा पाण्यात कुठलाच टायर उपयोगाचा नाही. मी बोलतोय साध्या, चकचकीत ओल्या रस्त्याबद्दल, लाल दिव्याजवळ अचानक लागलेल्या ब्रेकबद्दल. ताशी ८० च्या वेगात एका टायरची ओल्यावरची पकड ०.८ आणि दुसऱ्याची ०.७ धरली, तर पहिली गाडी साडेएकतीस मीटरांत थांबते, दुसरी छत्तीस. साडेचार मीटर, म्हणजे एका कारच्या लांबीहून थोडं जास्त. पण खरी भीती मीटरांत दिसत नाही. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्या जागी दुसरी अजून ताशी २८ किलोमीटरनं पुढे जात असते. समोर कुणी उभं असेल तर त्याला ती तेवढ्या वेगानं धडकते.

कोरड्या, तापलेल्या रस्त्यावर मात्र पकडीच्या टायरची आघाडी कमी होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. रस्त्यासाठी जास्त वापरलं जाणारं व्हीजी-३० जातीचं डांबर ४७ अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं, जड वाहतुकीसाठीचं व्हीजी-४० पन्नास अंशांच्या पुढे. जिथे डांबर जास्त पडलंय तिथे ते दुपारी वर येऊन चमकतं, खडी त्यात बुडते आणि टायरला धरायला टोक उरत नाही. आंधी येऊन गेल्यावर रस्त्यावर वाळूचा पातळ थर असतो, तिथंही दोन्ही टायर सारखेच घसरतात. नाहरगडच्या घाटातून उतरताना हे चांगलं कळतं. तिथं खालच्या गिअरमध्ये उतरणारा ड्रायव्हर टायरपेक्षा जास्त उपयोगाचा.

दोन दिवसांनी आम्ही त्याच दुकानात गेलो आणि पकडीचे चार टायर सांगितले. दुकानदाराला नवल वाटलं, पण त्यानं काही म्हटलं नाही. मी खाली बसून प्रत्येक टायरच्या बाजूवरचे, तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे शोधले. २३२४ असं असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. चारपैकी दोन टायर दोन वर्षांपूर्वीचे निघाले. ते दुकानाच्या दर्शनी बाजूला, उन्हात रचलेले होते. जिथे टायर वयानं संपतो, तिथे आधीच दोन वर्षांचा झालेला टायर पूर्ण किमतीला घेणं म्हणजे पुढची दोन वर्षं दुकानदाराला देऊन टाकणं. मी तसं म्हटल्यावर त्यानं काहीही वाद न घालता गोदामातून दुसरे दोन मागवले, चार महिन्यांपूर्वीचे. जुन्यातला त्यातल्या त्यात बरा टायर स्टेपनीला ठेवूया, असं भावोजी म्हणाले. मी त्याचे आकडे दाखवले, तो सात वर्षांचा होता, नक्षी जवळपास अख्खी. एका कडेला, खाचांच्या तळाशी, केसाएवढ्या बारीक भेगा होत्या. नखानं ताणल्यावर त्या उघडल्या. मूळची स्टेपनी तर गाडीएवढ्याच वयाची निघाली, एकदाही रस्त्याला न लागलेली. मग पाचवा टायरही नवा घेतला.

अलाइनमेंट, बॅलन्सिंग झालं, दुकानातल्या मुलानं हवा भरली. बाहेर ४१ अंश होते आणि टायर तापलेले, म्हणून तिथं काट्यावर विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला भावोजींनी मला उठवलं. हातात छोटा गेज, ताईंनी बॅटरी धरलेली. पुढचे दोन ३०, मागचा डावा २९, मागचा उजवा ३१. पंप उघडायला अर्धा तास होता. सावकाश, पाऊण किलोमीटर, आम्ही पहिल्या गिऱ्हाइकासारखे जाऊन उभे राहिलो.